तुझ्या हातची काकडी

प्रिय आई,

जन्मभर तुला 'आये' म्हणून हाक मारली आणि कागदावर मात्र 'आई' लिहितेय. शाळेची सवय, दुसरं काय! हे पत्र तुला वाचून कोण दाखवणार? कुणीच नाही. म्हणूनच तर लिहायला बसले. आजवर सांगलीहून टाकलेलं माझं प्रत्येक कार्ड बापूदादानं तुला वाचून दाखवलं. भावाच्या तोंडून तुझ्या कानावर घालण्यासारखं जे नव्हतं, ते पाच वर्षं मी लिहिलंच नाही. आता आपल्या दोघींच्या मध्ये कुणी नाही.

परवा तुझं दहावं झालं. पाहुणे गेल्यावर वहिनी आणि मी परड्यात भांडी घासत होतो. वहिनी एकदम म्हणाली, "वन्सं, एक इचारू? त्या साली सांगलीस्नं आल्यापास्नं आत्यांनी कुठल्याच लेकराला हातानं घास भरवला न्हाई. आमचं धाकटं मांडीवर चढून दे-दे करायचं, तर ताटली म्होरं सारायच्या. म्हनायच्या, माज्या हातात इख हाय. आसं का वो?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत."

तुझ्या दहाव्यालासुद्धा मी खोटंच बोलले, आये. येताना कवठे महांकाळच्या स्टँडवर तासभर गाडी नव्हती. तिथल्या बाकावर बसून पहिल्यांदा रडू आलं. तू गेल्याचं नव्हे. माझी मलाच किळस आली त्याचं.

तुला चौऱ्याहत्तरचा तो उन्हाळा आठवतो? असं काय विचारतेय मी! तू तर तोच एक उन्हाळा घेऊन जगलीस.

उदय तेव्हा आठ महिन्यांचा होता. ह्यांना सांगलीच्या शाळेत कायम केलं होतं आणि आम्हाला पहिल्यांदाच परडं असलेलं घर भाड्यानं मिळालं होतं. परडं कसलं, फुटक्या कौलांचा ढीग! तू शिमग्यानंतर आलीस ती दोन पोती लेंडीखत घेऊन. कंडक्टरनं लगेज मागितलं तर तू त्याला म्हणालीस, "सोनं हाय व्हय त्यात? मेंढराच्या लेंड्या हायत. हुंगून बघ की!" गाडीभर माणसं हसली, हे तूच येऊन सांगितलंस. मला मात्र लाज वाटली. शेजारच्या वकिलीणबाई गच्चीतून बघत होत्या म्हणून मी ती पोती घाईघाईनं आत ओढली. आईची लाज वाटायला लागली की पुढचं सगळं सोपं जातं, हे मला तेव्हा कुठं कळत होतं?

पण ते दोन महिने किती चांगले होते गं! हे शाळेतून आले की सदरा काढून कुदळ घ्यायचे. तू आडाचं पाणी शेंदायचीस. मी वाफे बांधायची. उदय पेरूच्या झाडाखाली घमेल्यात बसून पाण्यावर थापा मारायचा. भेंडी, तांदळी, चवळी, आणि कडेनं काकडीचे वेल. पाण्याचा एक थेंब तू वाया जाऊ दिला नाहीस. मोरीचं पाणी चर काढून वेलांना नेलंस. हे म्हणायचे, "आई, तुमचा कोरडवाहू हिशेब आमच्या कृष्णाकाठाला शिकवायला पाहिजे." तू पदर तोंडाला लावून हसायचीस. जावई तुला 'आई' म्हणतो याचंच तुला अप्रूप होतं. मलाही होतं.

आता लोक त्याला सेंद्रिय की काय म्हणायला लागलेत. तेव्हा आपल्याकडे त्याला नाव नव्हतं. तू एवढंच म्हणाली होतीस, "ज्या मातीत लेकरू रांगतंय, त्यात पावडर-बिवडर काय घालायची न्हाई. जे त्याच्या तोंडात जाईल, तेच मातीत जाईल." ह्यांनी मान डोलावली होती. मी बघितलं होतं त्यांना मान डोलावताना.

मग एका रविवारी मामंजी, ह्यांचे आबा, कऱ्हाडकडून आले. त्यांचा वीस एकर ऊस, खताच्या पोत्यांची थप्पी घराच्या सोप्यात. हुंडा न घेता त्यांच्या पोरानं दुष्काळी भागातली पोरगी केली, हे त्यांना कधीच पचलं नव्हतं. परड्यात उभं राहून त्यांनी चपलेच्या टोकानं खत उकरलं.

"मास्तर, ह्यो काय लेंड्यांचा बाजार मांडलाय रं?" ते ह्यांना म्हणाले. "वेलावर तांबडं भुंगं बसल्यात. पानांची चाळण केलीया. आन् तू राख मारत बसलायस? बायकांच्या नादानं शेती हुत न्हाई."

तू तिथंच होतीस, हातात राखेचं सूप घेऊन. तू म्हणालीस, "आवं, चार दिसांत जात्यात भुंगं. लेकरू रांगतंय इथं." त्यांनी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हे काही बोलतील म्हणून मी वाट बघितली. हे नुसते हसले. बापासमोर ते तसंच हसायचे, अजूनही हसतात.

पुढच्या शनिवारी आपण दोघी उदयला घेऊन बाजारात गेलो, त्याला वाळे घ्यायला. परत आलो तर काकडीची पानं भुरकी झाली होती. तू म्हणालीस, "जावयानं राख मारली वाटतं. बेस केलं." मला कसलातरी कुबट वास आला होता. आये, मला वास आला होता! वाटलं, कौलं उचलून ठेवलीत त्या कोपऱ्यात काही मेलं असेल. दोन मिनिटांत विसरलेसुद्धा.

ती राख नव्हती. मामंजींनी जाताना ह्यांच्या हातात पुडा दिला होता, उसाच्या हुमणी किडीला मारायच्या पावडरचा. हे शनिवारी सकाळच्या शाळेतून लवकर आले आणि आपण नाही असं बघून त्यांनी ती वेलांवर मारली. मामंजी पुन्हा येतील तेव्हा वेल हिरवेगार दिसावेत एवढंच त्यांना पाहिजे होतं. तुला कशाला सांगायचं, तुझ्या जिवाला लागेल, म्हणून तुला सांगितलं नाही. मला कशाला सांगायचं, मी तुला सांगेन, म्हणून मला सांगितलं नाही. हे सगळं मला नंतर समजलं. सांगते.

रविवारी सकाळी तू वेलाखाली बसलीस, उदयला घेऊन. पहिली काकडी धरली होती, बोटाएवढी, अंगावर लव असलेली. तू ती खुडलीस, पदराला पुसलीस, टोक दातानं तोडून थुंकलंस आणि त्याच्या हातात दिलीस. दोन दातांनी तो ती कुरतडत बसला. त्याच्या हनुवटीवरून रस गळत होता. तू मला हाक मारलीस, "शाले, बघ की, पयली काकडी पयल्या दातांनी!" मी हात पुसत आले आणि हसले. मग तो उतरून वेलात रांगत शिरला. आपण त्याला अडवलं नाही. कधीच अडवत नव्हतो.

दुपारी त्याला उलट्या झाल्या. दवाखान्यात नेईपर्यंत झटके येऊ लागले. तो एवढासा जीव धनुष्यासारखा ताठ व्हायचा आणि तू "माज्या बाळाला धरा, धरा" म्हणत रिकाम्या हातांनी हवेतच काहीतरी धरायचीस.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुठली पावडर, औषध?" मी म्हटलं नाही. तू म्हटलंस नाही. ह्यांनी डॉक्टरांना बाहेर नेलं. मला वाटलं, पैशाचं बोलत असतील. त्यांनी डॉक्टरांना खरं सांगितलं होतं आणि त्यामुळेच उदय वाचला. तेवढं श्रेय मी ह्यांना देते. पण आत येऊन तुझ्याकडे बघत ते काय म्हणाले? "पोटात घाण गेलीय म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मामंजी आणि सासूबाई आल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात, वीस माणसांदेखत मामंजी तुला बोलले, "लेंड्या-शेणात लोळवलंत माझ्या नातवाला. तुमाला जनावरं सांभाळायची सवय, मानसाचं पोर काय कळनार?" सासूबाई म्हणाल्या, "हिच्याच हातचं खाल्लं म्हनं." तू भिंतीला टेकून उभी होतीस. एक शब्द बोलली नाहीस. का गं? का नाही बोललीस? माळावर लांडग्याच्या मागं काठी घेऊन धावणारी बाई तू. तिथं उलटून एक शब्द टाकला असतास तर कदाचित ह्यांच्या तोंडून खरं बाहेर पडलं असतं. हा माझा तुझ्यावरचा राग आहे. तो खोटा आहे, मला माहीत आहे. तरी आहे.

तिसऱ्या दिवशी कपडे न्यायला मी घरी आले. बंबासाठी ढलप्या काढताना त्यांच्यामागं पुडा सापडला. अर्धा रिकामा. तोच कुबट वास.

मी तशीच दवाखान्यात गेले आणि ह्यांना जिन्याखाली गाठलं. ते रडले. खरंच रडले, आये. म्हणाले, "शालन, आत्ता बोलू नको. आबांना कळलं, मीच पोराला... तर ते तोंड बघणार नाहीत माझं. उदय घरी आला की मीच आईंच्या पाया पडून सांगतो."

मी म्हटलं, "ती आज मरतेय तिथं व्हरांड्यात."

"चार दिवस," ते म्हणाले. "फक्त चार दिवस."

आणि मी गप्प बसले. मी आतल्या खोलीत उदयच्या उशाशी बसायची आणि तू बाहेर फरशीवर. दारातून तुझी पाठ दिसायची. दहा पावलं होती. उठून यायचं आणि तुझ्या कानात चार शब्द सांगायचे. मला वाटलं, पोर अजून धोक्यात आहे, नवऱ्याशी आत्ताच वैर नको. मला वाटलं, आई काय, आपलीच आहे, तिला मागाहून सांगता येईल. आपल्या माणसालाच आपण थांबवून ठेवतो, नाही का?

पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. तू त्याला दारातूनच बघितलंस आणि पिशवी उचललीस. "जाते बाई. मेंढरं हायत तिकडं." मी स्टँडवर सोडायलासुद्धा आले नाही.

चार दिवसांची पाच वर्षं झाली. ह्यांनी परडं खणून काढलं, फरशी घातली. तुझा विषय निघाला की हे वर्तमानपत्र उघडायचे. मी एक-दोनदा टोचलं, मग टोचणंही सोडलं. खोट्याचीही सवय होते. त्यावर भाकरी भाजता येते, दिवाळी करता येते.

म्हसवडला सिद्धनाथाला उदयचं जावळ काढलं तेव्हा तू आली होतीस. लांब, खांबाशी उभी. तो तुझ्याकडे पळत आला आणि तू मागं सरलीस. मी म्हटलं, "घे की गं." तू म्हणालीस, "नगं बाई. माज्या हाताला येस न्हाई." पोरगं हात वर करून उभं आणि तू दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतलेस. मी तिथं काय केलं माहीत आहे? मामंजी बघतायत का, ते बघितलं.

तू आजारी असल्याचं कार्ड आलं तेव्हा उदयची परीक्षा होती. पहिलीची परीक्षा! मी म्हटलं, आठ दिवसांनी जाऊ. तू सहाव्या दिवशी गेलीस.

काल परत आल्यावर मी ह्यांना वहिनीचं बोलणं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वाईट झालं. पण आता सांगून काय उपयोग? माणूसच राहिलं नाही."

मी म्हटलं, "उपयोग बघूनच तर पाच वर्षं गप्प बसलो की आपण."

"आबा थकलेत. त्यांना हे सोसायचं नाही."

"माझी आईही थकली होती."

ते उठून गेले. वाईट माणूस नाहीत ते. रोज मुलांना खरं बोलायला शिकवतात आणि तेव्हा खोटं वागतोय असंही त्यांना वाटत नसेल. मला त्यांची भीती वाटत नाही आता. रागसुद्धा पुरेसा येत नाही. त्यांनी तुला एकदा फसवलं. मी रोज फसवलं.

माफी मी मागत नाही, आये. मागितली तर तू लगेच देऊन टाकशील. तुझी सवयच तशी. इतक्या स्वस्तात मला ती नको.

येत्या रविवारी धाकट्या दिराच्या सुपारीला कऱ्हाडला सगळी भावकी जमणार आहे. तुला जे व्हरांड्यात बोलले, ते सगळे असतील. मी तिथं उभी राहून सांगणार आहे, पावडर कुणाची, मारली कुणी आणि लपवली कुणी. लपवणाऱ्यांत माझं नाव पहिलं घेईन. तिथून परस्पर गावाकडं जाईन आणि वहिनीला, बापूदादाला सांगेन. उदयला सोबत नेणार आहे. त्यानं सगळं ऐकावं. आजीनं त्याला प्रेमानं दिलं होतं आणि आई-बापांनी तिला त्याचं पाप दिलं, हे त्याला माझ्याच तोंडून कळू दे. त्यानंतर या घरात मला जागा राहील की नाही, माहीत नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "गप बस शाले, संसार मोडतीस व्हय?" आजवर तुझं ते एकच ऐकत आले. हे वचन देते, या वेळी ऐकणार नाही.

तुझी,
शालन