यदुल्लाचा खांदा

२ आबान

मानाची घंटा वाजली नाही! गळ्यात आशियाई रौप्यपदक घालून जोरखान्याच्या, आमच्या तालमीच्या, बुटक्या दारातून वाकून आत शिरलो, आणि आमचे गुरू मुर्शद कुर्बान आपले ढोल वाजवत बसले. मानसुद्धा वर केली नाही. माझ्यामागून यदुल्ला आला — पिठाने माखलेला, जन्मात एक पदक न मिळालेला. त्याच्यासाठी मात्र घंटा दिली! हौद्यातले सगळे उभे राहिले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

३ आबान

मुर्शदना विचारलंच. म्हणाले, "सियावश, पदकाला तेहरानवाले बँड वाजवतात ना? झालं तर मग. ही घंटा माणसाला असते." पंचाहत्तरीचा माणूस, म्हणून गप्प बसलो.

५ आबान

लिहायला लाज वाटते. सरावात यदुल्लाचा हात पिळून त्याला खाली दाबला होता. त्याने गादीवर दोनदा थाप मारली — सोड. मी ऐकली. तरी क्षणभर जास्त धरला. खांदा निखळला.

राग घंटेचा होता, काढला त्याच्यावर.

मुर्शद धावत आले तर हा कण्हत कण्हत म्हणतो, "माझाच पाय घसरला."

६ आबान

हात सहा आठवडे झोळीत. रोटीच्या भट्टीतलं ते लांब दांड्याचं फावडं एका हाताने कसं पेलणार?

अकरा वर्षं हा माणूस पहाटे चारला भट्टी पेटवतो आणि संध्याकाळी माझ्याखाली पडायला येतो. माझा एकेक डाव आधी त्याच्या पाठीने सोसलाय. हे मी कधी लिहिलं होतं का? मागची पानं चाळली. कुठेच नाही.

९ आबान

भट्टीवर गेलो. तापलेल्या खड्यांवर संगक रोटी टाकायची म्हणजे खेळ नाही. पहिल्या वीस फाटल्या. रोटीला चिकटलेले खडे काढताना बोटं भाजली. यदुल्ला स्टुलावर बसून शिकवत होता — "पदकवाले, ती रोटी आहे, रशियन पैलवान नाही. हळू!"

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "याची नको बाई, मी यदुल्ला बरा होईपर्यंत थांबते."

किती दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसलो. त्याने मला भट्टीशी उभं राहू दिलं, हेच फार झालं. देवाचे आभार मानले.

१४ आबान

तेहरानहून पत्र! राष्ट्रीय संघाच्या निवडीचं शिबिर वीस तारखेपासून. मला एकतिसावं लागलंय, यानंतर कोणी बोलावणार नाही.

यदुल्लाने अख्ख्या रांगेला पत्र वाचून दाखवलं. "तू जा. भट्टी थोडे दिवस बंद ठेवू, त्यात काय?"

सहा आठवडे बंद राहिली तर गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जाईल आणि तिकडचंच होईल. हे तो बोलला नाही. मला न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

१७ आबान

आज एकही फाटली नाही. म्हातारीने दोन नेल्या.

२० आबान

शिबिर आज सुरू झालं.

"तारीख पुढे गेली," मी भट्टीकडे बघत म्हणालो.

यदुल्ला म्हणाला, "अकरा वर्षं तुझा डाव तू टाकायच्या आधी ओळखतोय. हा ओळखणार नाही होय?"

मग त्याने बऱ्या हाताने पिठाची परात माझ्याकडे सरकवली.