धुण्याचा दगड

मुखेड, सोमवार

प्रिय आईला विशाखाचा जयभीम.

मी बरी हाय, जेवण वेळेवर होतंय. तुझी कंबर कशी हाय?

हजारो वर्षांपूर्वी मढी पुरून भवती दगडांचं रिंगण केलेलं, त्याची नोंद करायला आम्ही इथं आलो. निम्मे दगड गायब. मधे दारूच्या बाटल्या अन् गू. शी! गावात एक बाई त्यातल्याच दगडावर पोराची घाण दुपटी आपटून राहिली होती. मी लई बोलले. ती हसली, "मढी कवाच माती झाली, बाई."

आई, आपल्या आडावरचा धुण्याचा दगड बाबांनी मढ्याच्या माळावरनंच आणलाय ना? त्याच्यावरच बसवून तू मला न्हाऊ घालायचीस. कालपासून अंगाला साबण लावून राहिले, किळस जात न्हाई.

तुझी,
विशू