दुसरी सही

६ मार्च, सोमवार

मोजणी जुळत नाही! थायरॉइडच्या गोळ्यांची एक स्ट्रिप जास्त, शुगरच्या गोळ्यांची एक कमी. तीनदा मोजलं. दोन्हींचे खोके पांढरे, त्यावर निळा पट्टा, फळीवर एकमेकांना चिकटून ठेवलेले. म्हणजे थायरॉइडचं कुणीतरी शुगरची गोळी घेऊन घरी गेलंय. थायरॉइडची गोळी घ्यायची सकाळी, अनशापोटी. शुगर नसलेल्या माणसाने त्याऐवजी ही दुसरी घेतली तर — नको. लिहवत नाही.

मामाला सांगितलं. दुकान त्याचं, मी चार वर्षं त्याच्या हाताखाली. मान वर न करता म्हणाला, "ठमे, मोजायला चुकली असशील. तीस वर्षांत माझ्या हातून एक गोळी इकडची तिकडे झाली नाही."

७ मार्च, मंगळवार

खरं ते लिहून टाकते. इथे कोण वाचणार आहे!

नियम असा की एकाने औषध काढायचं, दुसऱ्याने ते चिठ्ठीशी ताडून बघायचं, मग खाली दुसरी सही. ती दुसरी सही माझी. आणि मी ती करते कशी? दुपारी, एका हातात चहाचा कप, दिवसभराच्या चिठ्ठ्या एकदम — फराफरा. औषध तोवर माणसाच्या घरी पोचलेलं असतं!

गेल्या आठ दिवसांच्या चिठ्ठ्या काढल्या. थायरॉइडच्या अकरा. अकराही मामाने दिलेल्या. अकरांखाली माझी झोकदार सही.

फोन करते म्हटल्यावर मामा उखडला. "लोकांना फोन करून सांगणार, आमचं चुकलं म्हणून? दुकानाला कुलूप लावायचंय का तुला?" मी बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि एकेक नंबर फिरवला. "जरा स्ट्रिपवरचं नाव वाचून दाखवता?" एक आजोबा चष्मा शोधायला गेले ते गेलेच. दहा मिनिटांनी आले आणि मलाच विचारतात, "कोण बोलतंय?" एरवी पोट धरून हसले असते.

दहा जणांचं बरोबर निघालं. अकराव्या म्हणजे मागच्या गल्लीतल्या शिवणवाल्या मावशी. एकट्या राहतात. फोन बंद.

८ मार्च, सकाळी

फोन अजून बंद. दुकान उघडायच्या आधी जाऊन येते.

८ मार्च, संध्याकाळी

अक्षर बघ कसं आलंय.

दाराला कुलूप. खिडकीतून मशीन दिसत होतं, सुईखाली अर्धवट शिवलेला फ्रॉक तसाच. समोरच्या बाई म्हणाल्या, "परवा मशीनवरच कोसळल्या हो! मुलीने हॉस्पिटलात नेलं." परवा — म्हणजे मी स्ट्रिपा मोजत होते तेव्हा.

धावतच गेले. मावशी पलंगावर बसलेल्या, चेहरा पांढराफटक. डॉक्टर मुलीला सांगत होते, "रोज सकाळी यांची शुगर खाली का जाते तेच कळत नाही. ग्लुकोजचं सलाइन लावलं की बऱ्या होतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच." मी म्हटलं, थायरॉइडची गोळी कुठली देताय? मुलीने पर्समधून स्ट्रिप काढली. "घरचीच. रोज सकाळी मीच देते."

आमचीच. शुगरची.

मी सांगितलं, सगळं. डॉक्टरांनी स्ट्रिप उलटसुलट करून बघितली. "आजची दिलीत?" मुलीने होकारार्थी मान हलवली. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "माझ्या हाताने दिली हो मी." तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं!

मावशी मात्र म्हणाल्या, "अगं, मी तुमच्या दुकानातल्या काकांना विचारलं होतं, ही वेगळी दिसते म्हणून. म्हणाले, कंपनी बदलली, औषध तेच."

मावशींनी विचारल्यावरही मामाने वाचून बघितलं नाही? का नाही?

९ मार्च, गुरुवार

आज प्रत्येक स्ट्रिप तीनतीनदा वाचून दिली. दारापर्यंत रांग. लागू दे.

१० मार्च, शुक्रवार

झालेल्या चुकीबद्दल अहवाल लिहिला, औषध खात्याकडे पाठवायला. औषध देणारा: मामा. तपासणारी: मी. तपासलं का: नाही. हे 'नाही' लिहायला अर्धा तास लागला.

मामापुढे कागद ठेवला. वाटलं, फाडेल. न वाचताच सही केली, तीही रेघेवर नाही, थेट मजकुरावर. राग दाखवायची ही कुठली तऱ्हा!

११ मार्च, शनिवार

मावशी घरी आल्या. स्वतःच्या पायांनी जिना चढल्या म्हणे. आज जेवण गेलं.

१३ मार्च, सोमवार

दुकान उघडायच्या आधी मामाने मला आत बोलावलं. माझ्या हातात एक खोका दिला. "काय लिहिलंय, वाच." वाचलं. "आता हा." तोही वाचला. मग स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मला हे दिसत नाही गं. उजव्याने काहीच नाही, डाव्याने कडा तेवढ्या. रंगावरून ओळखतो."

"केव्हापासून?"

"दीड वर्ष झालं असेल."

शटर उघडलं नाही. दीड वर्षाच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे खाली काढलेत. मी नावं वाचतेय, मामा फोन लावून देतोय — नंबर त्याला सगळे पाठ आहेत.