मान असलेला मासा आणि मंडळाचा नियम

मी, मंदाकिनी शंकर टेंभेकर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार तात्यापारा, रायपूर, आपखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता पुढील व्यवस्था लावून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे धाकटे दीर विनायक यांना दाखल्याची गरज वाटली नाही, कारण आज सकाळीच चहाच्या वेळी मी त्यांना वादात हरवले आहे.

मला आता लांबलचक लिहवत नाही, म्हणून मी सांगते आहे आणि विनायकभाऊजी लिहीत आहेत. त्यांचे अक्षर मोत्यासारखे आहे. ते रेल्वेत स्टेशन मास्तर होते, आणि लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून माझे प्रतिपक्षी आहेत. लिहायला बसताना त्यांनी अट घातली, "वहिनी, माह्यावर काही खोटं सांगसान तर मी तिथंच हरकत लिहीन." मी मान्य केले. वाद एकट्याने होत नाही.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. तात्यापाऱ्यातील राहते घर मुलगा शेखर याला मिळावे. तो सिलतऱ्याच्या कारखान्यात खपतो, लोखंडाची धूळ खातो आणि घरी येऊन कोणावर डाफरत नाही, हे मी पाहिले आहे. वरच्या मजल्यावर भाऊजी राहतात. ते हयात असेपर्यंत तिथेच राहतील. त्यांना एखाद्या मतावरून हलवणे मला जमले नाही, तर घरातून हलवणे शेखरला काय जमणार?

(लेखनिकाची हरकत: घराचा विषय मी कधीही काढलेला नाही.)

कलम २. माझा सूक्ष्मदर्शक, भिंग आणि विच्छेदनाची पेटी अभनपूरच्या त्या शाळेला द्यावी, जिथे मी पहिली नोकरी केली. ज्या कॉलेजात आयुष्य काढले त्याला काहीही देऊ नये. मी निवृत्त झाल्यावर तिथल्या प्राचार्यांनी नमुन्यांच्या बरण्या जिन्याखाली टाकल्या आणि मला म्हणाले, "मॅडम, अब तो सब मोबाइल पे दिख जाता है." मोबाइलवर दिसते हे खरे. पण हात लावल्याशिवाय माशाच्या परात हाड आहे की काटा, हे पोरांना कळत नाही. हा राग मी सोबत नेणार आहे, तो कोणाला द्यायचा नाही.

कलम ३. त्या बरण्यांपैकी एक मी उचलून आणली होती. तिच्यात मीच कॉलेजला दिलेला मोंगरी, म्हणजे मागूर मासा आहे. एका आषाढात तळे भरून वाहिले आणि हा मासा परांवर रेटत आमच्या अंगणात आला. मी भाऊजींना हाक मारून खाली बोलावले. म्हटले, "पाहा, चालून राहिली." ते वाकून पाहत म्हणाले, "चालून नाही राहिली वहिनी, तडफडून राहिली." ही बरणी भाऊजींना द्यावी आणि त्यांच्या टेबलावरच ठेवावी.

(लेखनिकाची हरकत: तडफडतच होती.)

कलम ४. मालमत्तेत वाद असेल तर तो नमूद करावा लागतो, म्हणून आमचा वाद नमूद करते. मासे हळूहळू जमिनीवरचे प्राणी झाले, असे माझे म्हणणे. भाऊजींचे म्हणणे, "दुर्गहून गाडी निघाली, रायपूरले पोहोचली, तर मधलं स्टेशन दाखवा." मी एक स्टेशन दाखवले की ते म्हणत, आता दोन जागा रिकाम्या झाल्या. मग उत्तर ध्रुवाकडच्या खडकांत टिकटालिक नावाचा अश्मीभूत मासा सापडला, साधारण साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा. अंगावर खवले, पण डोके चपटे आणि मान मोकळी. परात एक हाड, मग दोन, मग मनगटासारखी लहान हाडे. योग्य वयाचा खडक आधी नकाशावर हेरला आणि मग तिथे जाऊन खणले, हे मला जास्त भावले. ही बातमी आली त्या दिवशी माझ्या यजमानांनी, शंकररावांनी, पेढे आणले. ते कधी कोणाची बाजू घेत नसत, पण पेढे माझ्या हातात आधी दिले.

पुढे पोलंडमध्ये टिकटालिकहूनही जुने, चार पायांच्या प्राण्याच्या पावलांचे ठसे सापडल्याची बातमी आली. भाऊजी वर्तमानपत्र नाचवत जिना उतरले. "घ्या, नातू आजोबाच्या आधी जन्मला." मी म्हटले, टिकटालिकला आजोबा कोण म्हणाले? तो भाऊबंद. आपल्याच घरी शेखरचा मामा शेखरहून लहान आहे, म्हणून का नाते खोटे झाले? ते ठसे पावलांचेच आहेत की माशांच्या घरट्यांचे, यावरही तज्ज्ञांचे एकमत नाही. तरी त्या दिवशी मी गडबडले होते, हे कबूल. शिवाय, मासा बाहेर आलाच नाही, असे एका तोंडाने म्हणायचे आणि दुसऱ्या तोंडाने मत्स्य, कूर्म, वराह मोजून "आपल्याले हे आधीच माहीत होतं" म्हणायचे, ही त्यांची जुनी खोड आहे.

(लेखनिकाची हरकत: दोन्ही मुद्दे वेगवेगळ्या दिवशी मांडले होते.)

कलम ५. आता ज्यासाठी हे मृत्युपत्र नव्याने करावे लागले, ते. आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवात वादविवाद होतो. गेल्या वर्षी विषय हाच होता. शेखरची मुलगी अनुश्री बोलायला उभी राहिली आणि मुख्य परीक्षक होते विनायकभाऊजी. त्यांनी आपला ठेवणीतला प्रश्न विचारला, मधला प्राणी कुठे आहे? पोरगी म्हणाली, "आजोबा, ज्याले तुम्ही मधला म्हणून राहिले, उसको थोडी पता था कि वो बीच का है. तो त्याच्या टाइमचा पूरा मासाच होता."

उभ्या आयुष्यात मी विद्यार्थ्यांना जे समजावू पाहिले, ते तिने दोन वाक्यांत सांगितले. कोणत्याही आईने अर्धे पिल्लू घातलेले नाही. प्रत्येकीला आपले लेकरू आपल्यासारखेच दिसले. पण भाऊजींनी घंटी वाजवली. नियमाप्रमाणे शुद्ध मराठीच हवी, सबब स्पर्धक बाद. ती मंचावरून उतरली ती मान खाली घालून.

तेव्हापासून ती माझ्याशी फक्त हिंदीत बोलते. "दादी, खाना खा लीजिए." माझ्या घरात मला कोणी इतक्या अदबीने जेवायला बोलवावे, हे मला सहन होत नाही. पूर्वी ती "आजी, चल ना वो, भूक लागून राहिली" म्हणून ओढत न्यायची. मला याचे फार वाईट वाटते. नियम करणारे भाऊजी स्वतः मंचावर पुस्तकातले बोलतात आणि घरी "काहून वो वहिनी" म्हणतात. मग बाद कोणाला करायचे?

(लेखनिकाची हरकत: नियम मंडळाचा होता.)

नियम मंडळाचा होता, घंटी तुमच्या हातात होती. हेही लिहा.

(लिहिले.)

कलम ६. माझी बँकेतील मुदतठेव मंडळाला द्यावी, ती या अटीवर की तिच्या व्याजातून दरवर्षी वादविवाद व्हावा आणि बोलणारा ज्या बोलीत बोलेल त्या बोलीत त्याचे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. गुण मुद्द्याला द्यावेत. मंडळाला अट मान्य नसेल तर ठेव अभनपूरच्या शाळेला जावी. मंडळ मान्य करील अशी माझी खात्री आहे, कारण सभागृहाचे छत गळते.

कलम ७. टिकटालिकचा प्लास्टरचा ठसा, माझी सर्व पुस्तके आणि पहिल्या वादविवादात पहिले बोलण्याचा मान अनुश्रीला द्यावा. ती घेईल की नाही, हे मेल्यावर विचारण्यात अर्थ नाही. म्हणून तिला आत्ता बोलावले आणि पाचवे, सहावे व हे कलम भाऊजींनीच तिला वाचून दाखवले. पाचवे वाचताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. पोरगी दाराशी उभी राहून ऐकत होती. नंतर म्हणाली:

"आजी, तू है तब तक मी तुह्याशीच भांडीन, स्टेजवर काहून जाऊ? आणि बाद में गेलीच ना, तर जशी बोलते तशीच बोलीन, हव. कोणाले चाललं तर चाललं."

ती मला आजी म्हणाली. मी लेखनिकाला थोडे थांबायला सांगितले. मग सांगितले की तिचे बोलणे मृत्युपत्रात घ्या.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेखरने करावी. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. लेखनिकाच्या हरकती मला मान्य नाहीत, पण त्या राहू द्याव्यात.

ठिकाण: रायपूर, छत्तीसगड
दिनांक: १२ जानेवारी २०२५

सही: मंदाकिनी शंकर टेंभेकर

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष वरील सही झाली:
१. धर्मपाल वासनिक, शेजारी
२. पद्मिनी दाभाडे, माजी विद्यार्थिनी

लेखनिक: विनायक टेंभेकर, निवृत्त स्टेशन मास्तर. मजकुरात खाडाखोड नाही. कलम ५ आणि कलम ७ मधील चि. अनुश्रीची वाक्ये तिने जशी म्हटली तशीच लिहिली आहेत. ती दुरुस्त केलेली नाहीत.