पाखरं राखणारी

जळकोट, १२ जानेवारी २०२५

चि. गायत्रीस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू लहान होतीस तेव्हाची एक सकाळ आठवली. मी म्हशीची धार काढली, गोठा झाडला आणि भाकरी तव्यावर टाकून बघते, तर चुलीजवळचा कोळसा गायब. तू तो घेऊन नुकत्याच पांढऱ्या केलेल्या भिंतीवर आपलं बुजगावणं काढत बसली होतीस. त्याला आबांचा पट्ट्यांचा शर्ट, आणि खांद्यावर भोरडी. मी लाटणं घेऊन धावले, तर तुझे आबा आडवे आले. त्यांनी एवढंच विचारलं, की पाखरू खुशाल खांद्यावर बसलंय, म्हणजे मला या घरात कुणीच भीत न्हाय का.

आज हे आठवलं, कारण भोरड्यांचे थवे आलेत. ज्वारी हुरड्यात आहे आणि मी दिवसभर शेतातल्या माळ्यावर गोफण घेऊन. बुजगावण्यावर अजून आबांचाच शर्ट आहे. कोपरात फाटलाय. तुझी तुळजाबाई काकू म्हणते, आता काढ की. मी ऐकून घेते.

तू फोन लवकर ठेवतेस म्हणून लिहिते. आबा गेल्यावर अक्षरं जोडायला शिकले, ती कुठंतरी वापरायला हवीत.

जेवत जा. तुझी वाट बघणारी,
आई

पुणे, २० जानेवारी २०२५

ती. आईस सा. न. वि. वि.

आई, आधी खाली बस. धाराशिवला माझ्या पक्ष्यांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलंय! तिथंच जिल्ह्यातल्या पाखरांच्या मोठ्या पुस्तकाचं काम कुणाला द्यायचं ते ठरणार. मला मिळालं, तर बालवाड्यांच्या भिंतींवर गाजर खाणारे ससे रंगवणं सुटेल. दहा वर्षं याचीच वाट बघतेय.

आता घोटाळा ऐक. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी विचारलं, आई काय करते. मी आपल्या बोलीत सांगितलं, पाखरं राखते. त्या शहरातल्या. त्यांना वाटलं, तू पाखरांचं रक्षण करतेस. पत्रिकेत छापून आलंय, ‘ज्येष्ठ पक्षीरक्षक श्रीमती दैवशालाबाई यांचा सत्कार’. मी हसून हसून रंगाचं पाणी चहा समजून प्यायले. मग पत्रिका पुन्हा वाचली. ही माणसं पाखरांसाठी जीव टाकतात, तू दगड टाकतेस.

आई, शाल घे, हात जोड आणि खाली बस. गोफण घरी ठेव.

तुझ्या लाटण्याला अजून भिणारी,
गायत्री

जळकोट, २४ जानेवारी २०२५

चि. गायत्रीस अनेक आशीर्वाद.

पत्रिका तुळजाबाईला वाचून दाखवली. ती हसता हसता ओट्यावरून घसरली. म्हणाली, मांजरीला दूध राखल्याबद्दल हार घालायलेत. कालपासून मी गोफण फिरवली की ती खालून ओरडते, रक्षकबाई, जपून.

तुझ्यासाठी गप्प बसेन. पण माझी जीभ तुला माहीत आहे.

तुझ्या नावाचा दिवा लावून,
आई

जळकोट, ४ फेब्रुवारी २०२५

चि. गायत्रीस अनेक आशीर्वाद. पुण्याला नीट पोचलीस ना?

मी गप्पच बसणार होते गं. शाल घेतली, हात जोडले. पण त्या बाईंनी माईक पुढं केला आणि विचारलं, किती पाखरं वाचवलीत. आता भरल्या सभेत खोटं कसं बोलू? म्हणाले, “बाई, आमच्यात राखणं म्हणजे हाकलणं. मी दगड मारते. तरी ती जाताना पोट भरूनच जातात.”

पुढच्या रांगेनं खुर्च्या मागं सरकवल्या. तू मान खाली घातलीस, तेव्हा मला वाटलं, लेकीची दहा वर्षं एका वाक्यात घालवली. मग आधी त्या बाईच हसल्या. माझा हात धरून म्हणाल्या, पुस्तकाचं पहिलं चित्र हेच, माळ्यावरची बाई आणि भोरड्या. काम तुलाच दिल्याचं सांगितलं, तर तू अशी रडलीस की मलाच सत्काराचा नारळ तुझ्या हातात द्यावा लागला.

एसटीत मी एकटीच हसत होते. कंडक्टरनं दोनदा बघितलं. आबा शेजारी असते, तर म्हणाले असते, हिला तर सगळी सभा भ्याली.

माझं चित्र काढशील तेव्हा हात जरा जाड काढ. गोफणीचा आहे.

माया आहे तेवढीच असू दे,
आई

ता. क. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी आबांचा शर्ट बुजगावण्यावरून काढला, धुतला, कोपर शिवून पेटीत ठेवला. बुजगावण्याला शाल पांघरली.