हिराबाईंचा डावा डोळा

४ डिसेंबर
मनोरीचं शिबिर. एआयच्या अभ्यासातलं शेवटचं, म्हणून रांग संपता संपेना. दिवसभर तेच पाठ म्हटलं: मधुमेह आहे ना, हनुवटी इथे ठेवा, डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढते, बाकी मशीन सांगेल. हिरवी खूण म्हणजे ठीक.
सुकी मासळी विकणाऱ्या हिराबाईंचा डावा डोळा काही केल्या दाद देईना. मोतीबिंदू आड येतोय. मशीन तीनदा म्हणालं, फोटो अस्पष्ट. नियमाने इथे थांबून मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं. पण अभ्यास सरांचा, त्यांना ‘अस्पष्ट’ शेरे कमी हवेत, पेपर लिहायचाय. म्हटलं, मावशी, जरा नाकाकडे बघा. चौथ्यांदा हिरवी खूण!
मावशींनी खूश होऊन बोंबील दिले. घरी भाजून खाल्लेही.

९ डिसेंबर
सरांनी परिषदेच्या स्लाइड माझ्या गळ्यात घातल्या. ‘उत्तम फोटो’ निवडताना हिराबाई सापडल्या. लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. स्वच्छ, झकास. फक्त नजर नाकाकडे वळवल्यामुळे पडद्याचा मधला भाग, ज्याने माणूस चेहरे ओळखतो, तो फोटोत नाहीच. आणि अगदी कडेला रक्तस्रावाचा लाल ठिपका, अर्धा कापलेला. उरलेला अर्धा...
मशीनला दाखवलं तेवढं त्याने पाहिलं. दाखवणारी मी.


१० डिसें.
सरांना सांगितलं.
“एकच केस ना गं? काढून टाक शीटमधून.”
“सर, बाई शीटमध्ये नाही, मनोरीत आहे.”
“मग बोलव ना तिला. पण सगळं शिबिर उकरत बसू नकोस.”
एकच केस. रांग वाढली की अजून किती जणांना नाकाकडे बघायला लावलं, ते आठवत नाही असं लिहिणार होते. आठवतंय. निदान सहा. लाज वाटते.

१३ डिसें.
मार्वेहून बोटीने मनोरी. हिराबाईंच्या घरात देवाच्या फोटोशेजारी मी शिबिरात दिलेली चिठ्ठी, हिरवी खूण दिसेल अशी लावलेली. मुलाने डोळे दाखवायला हॉस्पिटलची तारीख घेऊन ठेवली होती. मशीन चांगलं बोललं म्हणून मावशींनीच रद्द करायला लावली.
“समोरच्याचं तोंड धुरकट दिसतं गो बाय. पण वय झालं ना.”
मी सगळं सांगितलं, मंगळवारी आमच्या हॉस्पिटलला या म्हटलं.
“म्हंजे मशीन खोटं बोललं?”
“नाही मावशी. मी फसवलं त्याला.”
त्यांनी सुका जवळा निवडायला घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, “मंगळवारी येते. तू थांबशील ना?”

१६ डिसें.
सकाळी सहा नावं सरांच्या टेबलावर ठेवली. “परिषद होऊ दे, मग बघू.” मीच फोन लावायला बसले. तीन लावले, एकाने उचलला.
दुपारी मावशी हॉस्पिटलात आल्या. बाहुली मोठी करायला डोळ्यांत थेंब घातले. अर्धा तास बाकावर. काही नीट दिसेना तेव्हा माझा हात चाचपून धरला, तो सोडलाच नाही.
डॉक्टरबाईंनी उजवा डोळा पटकन तपासला. डाव्यावर थांबल्या. लाईट इकडे केला, तिकडे केला. मग केसपेपरवर डोळ्याच्या चित्रात मधोमध लाल पेनने ठिपके काढले.
मावशींनी हनुवटी तशीच ठेवून मला विचारलं, “काय गो, हिरवी आली का?”