मामाच्या हातचा घास

लातूर, १२ जानेवारी २०२५

दादा,

नमस्कार. तू, वहिनी, आईचे गुडघे, सगळं बरं असेल असं धरून चालते, कारण कळायला मार्गच नाही. तू फोन उचलत नाहीस. वहिनी उचलते अन् "शेतात हायत" म्हणते. दरवेळी शेतात? जेवायला तरी घरी येतोस ना? म्हणून ही चिठ्ठी ग्यानोबाच्या हाती देतेय. अर्धापुरातून केळीची गाडी घेऊन तो इथल्या मार्केटला आलाय, परत जाताना तुला देईल.

संक्रांत तोंडावर आली, घर आवरायचं पडलंय. शिवा आता भिंत धरून उभा राहतो. मी मात्र पार थकलेय रे. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचून वाचून डोळे गेले. शेजारी कुणाचा वाढदिवस असला की फुगे लावतात, मग मी पोराला उचलून दार लावून बसते. बायका म्हणतात, उज्वलाचं लईच सोंग हाय. खरं सांगू, सोंग असतं तर किती बरं झालं असतं.

उष्टावणाचं लिहायचं टाळत होते. लिहिते.

पहिला घास मामानं भरवायचा, तू भरवलास. आपल्या बागेतलं पिकलेलं केळं, वाटीत कुसकरून. थोड्याच वेळात पोराचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घुरघुरायला लागला. दवाखान्यात जाताना रिक्षात तू त्याला छातीशी धरून "माझ्या हातानं झालं, माझ्या हातानं झालं" म्हणत होतास. पोरगं वाचलं. पण त्यानंतर तू आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाहीस. चार महिने होत आले.

दादा, तुझ्या हातानं काही झालेलं नाही. डॉक्टरांनी नंतर तपासण्या केल्या. शिवाला रबर सोसत नाही. रबराच्या चिकात जे असतं, त्याच्यासारखंच काहीतरी केळ्यातही असतं म्हणे, अन् ज्याला एक सोसत नाही त्याला बऱ्याचदा दुसरंही सोसत नाही. त्याची ती रबरी चोखणी आठवते? ती तोंडात दिली की ओठ लाल व्हायचे अन् आम्ही म्हणायचो, दात येतायत. म्हणजे दुखणं आधीपासून आमच्याच घरात होतं, तुझं केळं नुसतं निमित्त झालं. डॉक्टर म्हणाले, आत्ता कळलं ते बरं झालं, नाहीतर पुढं कधी ऑपरेशनच्या टेबलावर रबरी हातमोज्यांमुळं कळलं असतं.

अन् माझं लहानपण आठव की! केळं खाल्लं की घसा खवखवतो म्हणायचे, तर बाबा ओरडायचे, "बागाईतदाराची पोरगी अन् केळ्याला नखरे!" माझ्या वाटणीची केळी तूच हादडायचास. डॉक्टर म्हणतात, असलं अंग आईकडूनही येतं. आता बोल, कुणावर रुसायचं?

आता खरं काम. पुढच्या महिन्यात शिवाचं जावळ काढायचंय. सासूबाई म्हणाल्या, "तुझा भाऊ काही यायचा न्हाई. अहमदपूरच्या नागनाथला बोलवू, चुलत असला तरी तो बी मामाच हाय." मी उठून भांडी घासली. दिवसभर ते टोचत राहिलं. संध्याकाळी जाऊन सांगितलं, पोरगं दादाच्याच मांडीवर बसंल, नाहीतर जावळ निघणार नाही. वाढू दे केस, मी वेणी घालीन. त्या हसल्या नाहीत. हे म्हणाले, बघ तुझं तू.

अजून एक आहे, ते लिहायला हात धजत नाही. शिवाला घेऊन मी अर्धापूरला इतक्यात येणार नाही. डॉक्टरांनी बागेची मनाई केलेली नाही, मीच भिते. अंगणात घड, तुमच्या कपड्यांना चीक. माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. आईला हे तूच सांग, मला जमणार नाही. माहेर तुटल्यासारखं वाटतं अन् रडायला येतं. मला तिकडं येता येत नाही तर माहेरानं इकडं यावं. तू नाही आलास तर मला माहेर उरलं नाही, दादा.

नऊ फेब्रुवारी, रविवार. धुतलेले कपडे घालून ये. आल्या आल्या साबणानं हात धू. घड, खाऊ, पिशवी, काहीसुद्धा आणू नकोस. बहिणीच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहायची तुला लाज वाटेल, मला माहीत आहे. तरी रिकाम्या हातानंच ये. पोरगं लई वळवळ्या आहे, धरायला दोन्ही हात लागतील.

तुझीच,
उज्वला